प्रतिपालकत्व प्रकरणांचे पर्यवेक्षण (नंदुरबार जिल्हा)

प्रतिपालकत्व प्रकरणांचे पर्यवेक्षण म्हणजे जन्मदात्या आईवडिलांखेरीज अन्य कुटुंबात काही काळासाठी ठेवलेल्या बालकांची पाहणी करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या कामाचे नियोजन, तपासणी आणि मार्गदर्शन होय. महाराष्ट्रात ही जबाबदारी महिला व बाल विकास विभागाच्या अखत्यारीतील जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे असून, कक्षातील संरक्षण अधिकारी (संस्थाबाह्य काळजी) हा या कामाचा प्रत्यक्ष पर्यवेक्षक असतो. त्याच्या हाताखाली सामाजिक कार्यकर्ते आणि क्षेत्रीय कार्यकर्ते काम करतात. बोलण्यात त्यांना केस वर्कर किंवा आउटरीच वर्कर असेच म्हटले जाते. नंदुरबारसारख्या डोंगराळ, बहुभाषिक आणि हंगामी स्थलांतराच्या जिल्ह्यात या पर्यवेक्षणाला जे स्वरूप येते, ते शासकीय मार्गदर्शक सूचनांतील चित्रापेक्षा बरेच निराळे असते.

संज्ञा

दत्तकविधान आणि प्रतिपालकत्व या दोहोंत अनेकदा गल्लत केली जाते. दत्तकविधानाने बालक कायमचे दत्तक पालकांचे होते. नाव, वारसा आणि नाते ही सर्व बदलतात. प्रतिपालकत्वात बालकाचे मूळ नाते अबाधित राहते. घर मिळते, पण कुळ बदलत नाही. बालक शक्य तेव्हा आपल्या कुटुंबात परतावे, अशीच त्यामागील अपेक्षा असते. तिसरी संज्ञा प्रायोजकत्वाची. तीत बालक आपल्याच आईकडे, वडिलांकडे किंवा नातलगांकडे राहते आणि शासन दरमहा आर्थिक साहाय्य देते.

महाराष्ट्राची बालसंगोपन योजना या तिन्हींच्या सीमेवर उभी आहे. केंद्राची एकात्मिक बाल संरक्षण योजना २००९ मध्ये सुरू झाली, त्याच्याही आधीपासून राज्य ही योजना चालवीत होते. योजनेचे नाव संगोपनाचे असले तरी तिच्या लाभार्थ्यांत एक पालक हयात असलेली आणि स्वतःच्याच घरी राहणारी मुलेही असतात. म्हणजे व्यवहारात ती बऱ्याच अंशी प्रायोजकत्वाचे काम करते. २०२३ मध्ये तिचे नामकरण ‘क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना’ असे झाले आणि प्रत्येक बालकासाठीचे मासिक अनुदान ११०० रुपयांवरून २२५० रुपये करण्यात आले. सावित्रीबाई व जोतीराव फुले यांनी एका विधवेचा मुलगा यशवंत यास दत्तक घेऊन वाढविले होते, हे ध्यानात घेता हे नाव उचितच म्हणावे लागेल. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतील साहाय्य दरमहा ४००० रुपये आहे. एकाच पाड्यावरील दोन घरांत दोन निरनिराळ्या योजनांची दोन निरनिराळी अनुदाने येतात, तेव्हा त्यातील फरक समजावून सांगण्याची वेळ कार्यकर्त्यावर येते. हा फरक न्याय्य कसा, हे सांगणे सोपे नसते.

कायद्याची चौकट

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ यातील कलम ४४ प्रतिपालकत्वासंबंधी आहे. बालकास कोणत्या कुटुंबात ठेवावयाचे, याचा आदेश बाल कल्याण समिती देते. एक अध्यक्ष व चार सदस्य अशी या समितीची रचना असते. कुटुंबाची निवड करताना त्याची क्षमता, हेतू आणि मुले वाढविण्याचा पूर्वानुभव पाहावा. भावंडांची शक्यतो ताटातूट करू नये. बालकाचे शिक्षण, आरोग्य व पोषण ही प्रतिपालक कुटुंबाची जबाबदारी राहील. असे हे कलम सांगते. आईवडील अपात्र ठरल्यामुळे बालक अन्यत्र ठेवले असेल, तरीही समितीस अहितकारक वाटत नसेल तोवर त्या आईवडिलांना मुलाला भेटता येते. जे बालक दत्तक देण्यास योग्य म्हणून समितीने ठरविले आहे, त्यास दीर्घकालीन प्रतिपालकत्वात देता येत नाही.

पर्यवेक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाची तरतूद पुढची आहे. समितीने प्रतिपालक कुटुंबाची तपासणी दरमहा करावी आणि बालकाचे हित धोक्यात असल्यास त्यास तेथून काढून घ्यावे, असे कायद्याचे म्हणणे आहे. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदे, अक्कलकुवा आणि अक्राणी असे त्याचे सहा तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १६,४८,२९५ असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. पाच जणांच्या समितीने या साऱ्या जिल्ह्यातील घरोघरी दरमहा जाणे व्यवहार्य नाही. त्यामुळे समितीचे डोळे आणि कान म्हणजे कार्यकर्त्यांचे अहवालच ठरतात. अहवाल खरा नसेल तर आदेशही खरा राहत नाही, आणि म्हणून अहवाल लिहिणाऱ्यावर देखरेख ठेवणाऱ्याचे काम कायद्यात ठळकपणे न मांडलेले असले तरी निर्णायक आहे.

२०२१ च्या दुरुस्तीने जिल्हा बाल संरक्षण कक्ष जिल्हाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली आणला गेला. कोविड साथीच्या काळात दोन्ही पालक गमावलेल्या बालकांसाठी राज्याने ५ लाख रुपयांच्या मुदत ठेवीची तरतूद केली आणि त्याच सुमारास तालुका पातळीवर तहसीलदारांच्या अध्यक्षतेखाली मिशन वात्सल्य समित्या नेमल्या. संस्थाबाह्य काळजीचा विषय महसूल यंत्रणेच्या दप्तरी प्रथमच ठळकपणे आला तो या निमित्ताने.

पर्यवेक्षणाची संकल्पना

समाजकार्याच्या अभ्यासात पर्यवेक्षण हा स्वतंत्र विषय आहे. अमेरिकी अभ्यासक आल्फ्रेड कदुशिन यांनी १९७६ च्या आपल्या ग्रंथात त्याची तीन अंगे सांगितली: प्रशासकीय, शैक्षणिक आणि आधार देणारे. काम वाटणे व तपासणे हे पहिले. कामातून शिकविणे हे दुसरे. आणि या कामाचा मनावर येणारा ताण ओळखून कार्यकर्त्यास उभे ठेवणे हे तिसरे. भारतात १९३६ साली मुंबईत सुरू झालेल्या, पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विद्यालयाने क्षेत्रकार्याला शिक्षणाचा अविभाज्य भाग मानले आणि त्याद्वारे विद्यार्थ्याचे अहवाल वाचून त्यावर चर्चा करण्याची पद्धत रुजविली. शासकीय कार्यालयांत मात्र पहिलेच अंग प्रबळ राहिले आहे. आढावा बैठकीत प्रलंबित प्रकरणांची संख्या विचारली जाते. एखाद्या प्रकरणाने कार्यकर्त्याची झोप उडविली आहे काय, हे सहसा कोणी विचारत नाही.

अमेरिकेतील बालकल्याण संस्थांच्या संघाने एका कार्यकर्त्याकडे १२ ते १५ बालके आणि एका पर्यवेक्षकाकडे ५ कार्यकर्ते असावेत, असे प्रमाण सुचविले आहे. एकात्मिक बाल संरक्षण योजनेने जिल्हा कक्षासाठी जो आकृतिबंध ठरविला, त्यात साऱ्या जिल्ह्यासाठी दोन सामाजिक कार्यकर्ते आणि दोन क्षेत्रीय कार्यकर्ते होते. त्यांच्याकडे केवळ प्रतिपालकत्व नव्हे, तर बालविवाह रोखणे, हरवलेल्या मुलांचा शोध आणि संस्थांतील मुलांची चौकशी हीही कामे येतात. ही पदे कंत्राटी असल्याने माणसे बदलत राहतात, आणि प्रत्येक बदलासोबत काही मुलांची अलिखित माहिती कार्यालयाबाहेर निघून जाते.

पर्यवेक्षण ढिले पडल्याची किंमत

इंग्लंडमधील दोन प्रकरणे जगभरच्या प्रशिक्षणात आजही शिकविली जातात. वेल्समधील न्यूपोर्टच्या नगरपालिकेने डेनिस ओ’नील या मुलास धाकट्या भावासह श्रॉपशायरमधील एका शेतघरात ठेवले होते. ९ जानेवारी १९४५ रोजी, वयाच्या बाराव्या वर्षी, मारहाण व उपासमारीने तो मरण पावला. सर वॉल्टर माँक्टन यांच्या चौकशीत दिसून आले की, मूल ठेवणारे कार्यालय एका प्रांतात आणि घर दुसऱ्या प्रांतात असल्यामुळे देखरेख नेमकी कोणाची, हे संदिग्धच राहिले होते. मृत्यूच्या काही आठवडे आधी एक भेट झाली होती, मुलांना तेथून हलवावे असे भेट देणारीने सुचविलेही होते. पण ती सूचना वेळेत अमलात आली नाही. या घटनेने घडविलेल्या लोकमताचा १९४८ च्या बालक अधिनियमामागे मोठा वाटा होता. अगाथा ख्रिस्ती यांच्या ‘द माउसट्रॅप’ या नाटकाचे बीजही याच घटनेत आहे.

दुसरे प्रकरण व्हिक्टोरिया क्लिम्बी या आठ वर्षांच्या मुलीचे. ती आपल्या आईवडिलांच्या संमतीने आजीच्या नात्यातील स्त्रीकडे राहत होती; फेब्रुवारी २००० मध्ये लंडनमध्ये तिचा छळाने मृत्यू झाला. लॉर्ड लॅमिंग यांच्या २००३ च्या अहवालाने प्रत्यक्ष भेटी देणाऱ्या कार्यकर्तीपेक्षा तिच्या वरिष्ठांवर अधिक ठपका ठेवला. अननुभवी कार्यकर्तीकडे अवघड प्रकरण सोपविले गेले आणि तिची टिपणे पुरेशी वाचली गेली नाहीत.

पहिले प्रकरण दोन प्रशासनांमधील पोकळीचे, दुसरे ‘नात्यातलेच आहेत’ या विश्वासाचे. नंदुरबारमध्ये या दोन्ही परिस्थिती नित्याच्या आहेत.

नंदुरबारमधील विशेष परिस्थिती

सातपुड्यातील भिल्ल, पावरा, मावची, कोकणी आदी समाजांत पोरक्या मुलाला काकाने, मामाने किंवा आजीने वाढविणे ही जुनी रीत आहे. त्यासाठी कोणाच्या आदेशाची वाट पाहिली जात नाही. मूल आधीच नातलगाकडे असते आणि शासन मागाहून तेथे पोहोचते. म्हणजे कुटुंब निवडण्याऐवजी जे कुटुंब आहे त्याची पारख करणे, असे कामाचे स्वरूप पालटते. ही रीत मोलाची आहे. तिच्यामुळे असंख्य मुले बालगृहाबाहेर, आपल्या भाषेत आणि आपल्या माणसांत वाढतात. तथापि रीत आहे म्हणून प्रत्येक घर निर्धोक आहे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. आणलेली मुलगी शाळेत जाते की घरच्या लेकरांना सांभाळते, मुलगा वर्गात दिसतो की शेळ्यांमागे, वडिलांच्या वाट्याची जमीन कोणाच्या नावावर चढत आहे, मुलीच्या लग्नाची बोलणी अठरा वर्षांपूर्वीच सुरू आहेत काय, हे प्रश्न पर्यवेक्षकाने कार्यकर्त्याकडून प्रत्येक भेटीनंतर विचारून घ्यावे लागतात.

भाषेचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. धडगाव परिसरात पावरी, नवापूरकडे मावची, अक्कलकुव्याच्या डोंगरात भिलीच्या बोली आणि तापीकाठच्या सपाटीवर अहिराणी व गुजरी असा हा प्रदेश आहे. अहवाल मात्र मराठीत लिहायचा असतो. कार्यकर्त्यास बोली येत नसेल तर प्रश्न आणि उत्तर दोन्ही घरातील मोठ्या माणसाच्या तोंडून येतात, आणि मग जवळजवळ प्रत्येक अहवालात ‘बालक समाधानी आहे’ हेच वाक्य आढळते. असे वाक्य बालकाचे नसून दुभाष्याचे असते. दुभाषी हवाच असेल तर तो त्या घरचा नसावा. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती किंवा शिक्षक यांची मदत घ्यावी. पण गावातील माणसापुढे मूल सारेच सांगेल असेही नाही, म्हणून बोली जाणणारा कार्यकर्ता हाच खरा उपाय ठरतो. त्या दृष्टीने, प्रकरणांची वाटणी करताना तालुक्याइतकाच बोलीचा विचार करणे इष्ट असते.

अंतराची अडचण वेगळी सांगायला नको. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील पाडे डोंगरउतारांवर विखुरलेले आहेत. पावसाळ्यात ओढे भरले की वाट बंद होते. सरदार सरोवराच्या फुगवट्यालगतच्या काही वस्त्यांवर नावेनेच जावे लागते. २०२० मध्ये चिमलखेडी येथील एका अंगणवाडी सेविकेने नर्मदेतून स्वतः नाव वल्हवीत बालकांपर्यंत पोषण आहार पोहोचविल्याचे वृत्त देशभर गाजले होते. अशा ठिकाणी महिन्यातून एक भेट हा नियम पाळला गेला असे कागदावर दिसले, तर पर्यवेक्षकाने कौतुकाच्या आधी प्रवासाचा तपशील पाहावा.

स्थलांतर

दिवाळीनंतर जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी आणि इतर मजुरीसाठी गुजरातमध्ये जातात. होळीला, विशेषतः काठी येथील प्रसिद्ध राजवाडी होळीच्या सुमारास, बरीच माणसे गावी येतात, आणि काही पुन्हा जातात. प्रतिपालक कुटुंबही याला अपवाद नसते. अशा वेळी मूल तीन ठिकाणी असू शकते: कुटुंबासोबत फडावर, गावी म्हाताऱ्या आजीजवळ किंवा आश्रमशाळेत. नस्तीत मात्र पत्ता एकच राहतो.

फडावर गेलेले मूल दुसऱ्या राज्यात असते. तेथील जिल्हा बाल संरक्षण कक्षास कळविणे आणि तेथून पाहणी करून घेणे शक्य आहे; परंतु पत्र पोहोचून उत्तर येईतो मुक्काम हललेला असतो. ओ’नील प्रकरणातील पोकळी ती हीच. यावर अनुभवी पर्यवेक्षक जी रीत अवलंबितात ती साधी आहे: दिवाळीपूर्वीची भेट चुकवायची नाही, त्या भेटीत कुटुंब जाणार काय, मुकादम कोण, मूल कोठे राहणार हे लिहून घ्यायचे, आणि होळीच्या आठवड्यात दुसरी भेट लावायची. वार्षिक नियोजन जानेवारी ते डिसेंबर असे न आखता सणांच्या भोवती आखले, तर निम्म्या ‘घर बंद आढळले’ अशा नोंदी टळतात.

आश्रमशाळेतील मुलांबाबत आणखी एक पेच आहे. नंदुरबार व तळोदे येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पांच्या अखत्यारीत निवासी आश्रमशाळांचे मोठे जाळे आहे. मूल वर्षातील बहुतांश काळ तेथे असेल, तर घरभेटीतून त्याची स्थिती कळत नाही. भेट शाळेत आणि सुट्टीत घरी, अशी दोन्हीकडे व्हावी लागते.

अहवालांचे वाचन

पर्यवेक्षकाचा सर्वाधिक वेळ अहवाल वाचण्यात जातो, किंवा जावयास हवा. गेल्या महिन्याचा मजकूर तारीख बदलून पुन्हा सादर होणे ही सर्वत्र आढळणारी उणीव आहे. भेट न देता लिहिलेला अहवाल ओळखण्याच्या खुणा ठरलेल्या असतात: विशेषणे पुष्कळ आणि वस्तू थोड्या. ‘वातावरण चांगले आहे’ असे असते, पण मूल रात्री कोठे व कोणाजवळ झोपते हे नसते. उंची व वजन नसते. हजेरीपत्रक पाहिल्याची नोंद नसते. मुलाशी एकट्याने बोलणे झाले काय, याचे उत्तर नसते. या जिल्ह्यात कुपोषण आणि सिकलसेल आजार हे दोन्ही प्रश्न असल्याने वजनाची नोंद आणि सिकलसेल तपासणीचे कार्ड या केवळ औपचारिक बाबी नाहीत. सिकलसेलग्रस्त मुलाच्या अंगदुखीला आळस समजून मारहाण होण्याचा धोका असतो.

अशी नोंद आढळल्यावर कार्यकर्त्यास नोटीस देणे हा सोपा मार्ग आहे. त्याऐवजी पुढच्या भेटीस पर्यवेक्षकाने सोबत जाणे अधिक उपयोगी पडते, कारण पुष्कळदा दोष आळसाचा नसून वाहनभत्त्याचा, भीतीचा किंवा प्रश्न कसा विचारावा हे न कळण्याचा असतो. लैंगिक अत्याचाराचा संशय आल्यास मात्र विचारविनिमयात दिवस घालविता येत नाहीत. पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार माहिती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे आणि वरिष्ठांची परवानगी ही त्यासाठीची अट नाही. कार्यकर्त्यास हे पहिल्याच आठवड्यात निःसंदिग्धपणे सांगितलेले असावे. बालकाची ओळख उघड करण्यास बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ ने मनाई केली असून त्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. धनादेश वाटपाची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकण्याची हौस या तरतुदीशी सरळ विसंगत आहे.

कागदपत्रे

अनुदान अडण्याचे एक नेहमीचे कारण मृत्यूचा दाखला हे असते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार मृत्यूची नोंद २१ दिवसांत होणे अपेक्षित आहे; एक वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. दुर्गम पाड्यावर किंवा परराज्यातील फडावर झालेल्या मृत्यूची नोंद राहून गेली, तर पोरके मूल कागदोपत्री पोरके ठरत नाही. मागोमाग आधार, बँक खाते आणि जातीचा दाखला यांची साखळी अडते. या पाठपुराव्यास गृहभेटीइतकाच वेळ द्यावा लागतो, हे आढाव्याच्या तक्त्यात कोठेही दिसत नाही.

अलीकडील बदल

केंद्राच्या २०१६ च्या आदर्श मार्गदर्शक सूचनांनुसार विवाहित दांपत्यासच प्रतिपालक होता येत असे. २०२४ च्या सुधारित सूचनांनी अविवाहित, विधवा, घटस्फोटित अशा एकट्या व्यक्तींनाही ही मुभा दिली. एकट्या पुरुषाकडे मात्र मुलगी देता येत नाही. तसेच पूर्वी पाच वर्षांच्या प्रतिपालनानंतर मिळणारी दत्तक घेण्याची संधी आता दोन वर्षांनंतर मिळते. या दुसऱ्या बदलाने पर्यवेक्षकाचे काम नाजूक झाले आहे. तात्पुरते पालन आणि कायमचे पालकत्व यांतील अंतर कमी झाल्यावर, मूळ कुटुंबाशी भेटीगाठी टिकाव्यात यासाठी प्रतिपालक कुटुंब कितपत उत्सुक राहील, हे कार्यकर्त्याने सतत पाहावे लागते.

अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर

बालक अठरा वर्षांचे झाले की प्रकरण बंद होते. कायद्यातील अनुरक्षण सेवा अठरा ते एकवीस वयोगटासाठी आहे. परंतु तिची व्याख्या संस्थेतील काळजीतून बाहेर पडलेल्यांपुरती आहे. म्हणजे बालगृहातून निघालेल्या युवकासाठी जी सोय कायदा करतो, तिच्या शब्दांत काकाच्या किंवा परक्याच्या घरी वाढलेला युवक बसत नाही. महाराष्ट्रात २०१८ पासून अनाथांसाठी शिक्षण व शासकीय नोकऱ्यांत एक टक्का आरक्षण आहे. त्याचा लाभ घेण्यास अनाथ प्रमाणपत्र लागते, आणि ते मिळविताना पुरावा म्हणून पुढे ठेवता येतील असे कागद बहुधा बालपणीच्या याच नस्तीत असतात: आईवडिलांचे मृत्यूचे दाखले, समितीचा आदेश, भेटींचे अहवाल. म्हणून प्रकरण बंद करण्यापूर्वी या कागदांच्या प्रती युवकाच्या हाती देऊन त्याची पोच घेणे, हे शेवटच्या भेटीचे काम मानले जाते.